‘तू कोण?’ विचारणारा चार्जर

कुलपावर धुळीचा थर होता. फक्त किल्लीच्या भोकाभोवती बोराएवढा भाग लख्ख होता. समृद्धीने तो दोनदा निरखून पाहिला.

“साई, ही खोली कोणीतरी उघडतंय.”

“गप गं. वरीस झालं बंद हाय,” साई म्हणाला. पण तो उंबऱ्यापासून दोन पावले मागे सरकला.

समृद्धी सुट्टीला दौंडहून तळेगाव ढमढेऱ्याला आली होती. साई तिचा चुलतभाऊ, तिथलाच. खोली दोघांच्या सोपानकाकांची. रांजणगावच्या कारखान्यातून आले की काका इथे बसून छोटी विमाने बनवायचे. गेल्या उन्हाळ्यात पाळीवरून परतताना अपघातात ते गेले आणि आप्पांनी, म्हणजे आजोबांनी, खोलीला कुलूप लावले. आजीने खोलीचा विषय काढला की आप्पांचे उत्तर ठरलेले असे, “बघू.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे घर झोपले होते. दाराला कुलूप नव्हते, पण आतून कडी होती. दोघांनी दाराला कान लावला.

आतून सोपानकाकांचा आवाज आला.

“मी सर्जा. तीन सेल. दमानं घेतो.”

साईने समृद्धीचे मनगट करकचून धरले. “पळ.”

“भुताला सेल कशाला लागतात?” समृद्धी कुजबुजली आणि तिने कान पुन्हा दाराला लावला.

जरा वेळाने पुन्हा तोच आवाज. “मी राजा. चार सेल.” मग, “राजाचं पोट भरलं.” मग शांतता. आणि एकदम, “तू कोण?”

“मी हाय रं, सोपान,” आप्पा म्हणाले. “मी, आप्पा.”

बटण दाबल्याची टक ऐकू आली.

दोघे धावत खिडकीशी गेले. टेबलावर काकांनी बनवलेला चार्जर होता आणि गोणपाटावर विमानांच्या बॅटऱ्या. समृद्धीला काकांनी सांगितलेले सगळे आठवले. तीन सेलच्या बॅटरीला चार सेलचा विजेचा दाब दिला तर ती फुगते, पेटते. म्हणून काका प्रत्येक बॅटरीवर चिप बसवत होते. बॅटरी जोडली की चिप तिची ओळख चार्जरला सांगायची, चार्जर तेवढाच दाब द्यायचा आणि काकांनी भरून ठेवलेल्या आवाजात बोलायचा. नावे शर्यतीच्या बैलांची! पण सातांपैकी चारच चिपा बसवून झाल्या होत्या. चिप नसली की चार्जर विचारायचा, “तू कोण?” तेव्हा हिरवे बटण दाबले, की तो आधीच्याच बॅटरीचा दाब धरायचा.

जोडलेल्या बॅटरीवर चिप नव्हती आणि तिच्याआधी जोडला होता चार सेलचा राजा. तीन सेलची ती बॅटरी डोळ्यांदेखत फुगत होती.

“आप्पा, दार उघडा! बॅटरी पेटेल.”

“जरा गप ऱ्हावा,” डोळे मिटलेले आप्पा म्हणाले. “त्यो बोलतोय.”

समृद्धी पडवीतल्या मेन स्विचकडे धावली. क्षणभर तिचा हात थबकला. मग तिने खटका खाली ओढला. आत पंखा थांबला, दिवे विझले.

आप्पांनी दार उघडले. “कुणी बंद क्येलं?”

“मी. आप्पा, चार्जर तुम्हाला विचारत नव्हता. बॅटरीला विचारत होता. तिला बोलता येत नाही.”

टेबलावर फुस्स झाले.

आप्पा एकदम भानावर आले. “मागं व्हा दोघं. साई, वाळूचं घमेलं आण पळत!” त्यांनी वायर उपटली, बॅटरी सांडशीत धरली आणि अंगणात नेऊन वाळूत टाकली. पांढरा धूर भसकन वर गेला. खोलीत टेबलाशेजारी बारदानाची थप्पी होती; तिथे ठिणगी पडली असती तर घरच पेटले असते.

आवाजाने आजी बाहेर आली. साईने झाले ते सांगताच तिने दोघांना पोटाशी धरले. “पोरांनी घर वाचवलं, आवं. आन् तुम्हालाबी.”

आप्पांनी घमेल्यातल्या बॅटरीवर आणखी वाळू लोटली.

“मला ठावं होतं, मशीन हाय,” ते हळूच म्हणाले. “पर रोज कोण इचारतं, तू कोण म्हणून?”

साईने विचारले, “आप्पा, आता खोलीचं काय?”

आजीने नेहमीच्या उत्तराची वाट पाहिली. आप्पांनी कनवटीची किल्ली काढून समृद्धीच्या हातावर ठेवली.

“ऱ्हायल्यात त्या दोन बॅटऱ्यांना चिपा बसवा. मी संगं बसन.”

“पण काकांचा आवाज?” समृद्धीने विचारले.

“तुमचा भरा,” आप्पा म्हणाले. “आन् खोलीला आता कुलूप लावायचं न्हाई.”