गुराबेचा पांढरा दोर

कोथरूडच्या त्या सोसायटीत सकाळचं ऊन फार सावकाश उतरे. आधी गच्चीवरच्या टाकीची कड उजळायची, मग वाळत घातलेली चादर, मग शेजारच्यांची नवी डिश अँटेना. आणि बऱ्याच वेळाने, जणू परवानगी मागून, ते घरात येई. त्या दिवशी ते बेसिनपाशी उभ्या असलेल्या दत्तप्रसाददादाच्या हातांवर पडलं. दादा रॉकेलच्या बोळ्याने नखं घासत होता. नखांच्या कडा पांढऱ्या होत्या. त्याचा धाकटा भाऊ तेजस उन्हाकडे पाहत राहिला. हात कशाने रंगले, हे त्याने विचारलं नाही.

"आज तरी वेळेवर या," दादा म्हणाला. "आरमार आपल्यासाठी खोळंबतं."

संध्याकाळी दादाच्या सॉफ्टवेअर कंपनीचा वर्धापनदिन होता. मैदानावर मराठा आरमारातल्या गुराबेचा, शिडाच्या लढाऊ जहाजाचा, लाकडी देखावा उभारला होता. सुट्टीतली मुलं त्यावरचे खलाशी. सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, स्वतः दादा. तालमीत तो मुलांना भर उन्हात उभं करी. "जहाजावर पाणी मोजून मिळायचं," असं सांगे आणि स्वतः थंड पाण्याची बाटली उघडत असे. डोलकाठीच्या टोकावर टेहळ्या म्हणून तेजसच्या वर्गातला, धायरीचा रविराज चढणार होता.

त्या सकाळी मैदानावर तेजसची मामेबहीण श्रद्धा डोलकाठीच्या मागच्या दोराला टेकली आणि लगेच बाजूला झाली.

"हा हाताला मऊ लागतोय." तिने नखाने पांढरा रंग खरवडला. आत काळे, कुजलेले धागे होते. "प्रेक्षकांना दिसणारे दोर नवे आहेत. हा मागचा तेवढा जुना. दुपारनंतर वारा मागूनच येतो, तेजस. शीड फुगलं की सगळा ताण यावर. पण याला रंग कोणी दिला?"

"कंत्राटदाराच्या माणसांनी," तेजस चटकन म्हणाला.

दोघं दादाकडे गेले.

"दादा, मागचा दोर कुजलाय."

"अरे वा. आपण आरमारातून निवृत्त कधी झालात?" दादा रविराजकडे वळला. "तुला भीती वाटत असेल तर सांग, बाबा. धायरीत म्हशींनाही टेहळ्या लागत असेल."

खलाशी हसले. तेजसही हसला. रविराजचे कान लाल झाले.

"म्या चढनार हाय," तो म्हणाला. त्यानंतर त्याने कोणाचंच ऐकलं नाही.

"मग त्याच्याआधी दुसऱ्या कोणाला तरी चढवू," श्रद्धा म्हणाली.

दुपारी शेवटची तालीम सुरू झाली तेव्हा रविराज तंबूत आपला अंगरखा शोधत होता. तो अंगरखा वाळूच्या पोत्याने घातला होता, पागोटंही. तेजस आणि श्रद्धाने शिडाच्या कप्पीवरून पोतं टोकापर्यंत चढवलं.

"मान वर कर रे, टेहळ्या," दादा लांबून ओरडला. "झोपलास काय? शीड सोडा."

पश्चिमेचा वारा आला. शीड फुगलं. दोर आवाजही न करता तुटला. आवाज केला तो कोसळणाऱ्या डोलकाठीने. टेहळ्या उलटापालटा होत फळ्यांवर आदळला आणि फुटला.

"पोरगं गेलं," कोणीतरी म्हणालं.

सगळे अंगरख्याकडे धावले. दादा दोराकडे धावला.

तंबूच्या दाराशी उभा राहून रविराज आपल्या कपड्यांतून वाळू सांडताना पाहत होता.

सगळं कळल्यावर कंपनीच्या प्रमुख विजयमालाबाईंनी तेजस आणि श्रद्धाला जवळ घेतलं. "मोठ्यांना जे दिसलं नाही ते तुम्ही पाहिलंत. एक जीव वाचवलात."

"कंत्राटदाराने फसवलं हो आपल्याला," दादा म्हणाला आणि त्याने तेजसच्या खांद्यावर हात ठेवला. "पण भाऊ कोणाचा आहे?"

टाळ्या वाजल्या. रविराजने वाजवल्या नाहीत.

"तू बी हसला व्हतास," तो तेजसला हळूच म्हणाला.

तेजसने मान खाली घातली. उतरतं ऊन त्याच्या खांद्यावरच्या हातावर आलं होतं. रॉकेलने घासूनही नखांच्या कडा पांढऱ्याच राहिल्या होत्या.

दोर दादानेच रंगवला होता.