कॉफीच्या यंत्रापर्यंत

सोमवारी सकाळी सायमी ऑफिसात आली, तर तिच्या खुर्चीच्या जागी तिपाईवर एक काळा स्पीकर उभा होता.

“हा कोण?”

“तुम्ही,” तिपाईमागून एक उंच तरुण उठला. “म्हणजे… तुमच्या जागी. इथून बोललेलं कुठपर्यंत कळतं, ते मोजायचंय. मी ओत्सो.”

“मी इतकी चौकोनी दिसते?”

“हो,” तो श्वास आत ओढत म्हणाला, आणि दचकला. “नाही!”

आमच्याकडे ‘हो’ पुष्कळदा असं आत ओढूनच म्हणतात. आवाज खर्च होत नाही. तुर्कू शहरातल्या त्या विमा कंपनीत तर भिंती नसलेल्या अख्ख्या दालनात दिवसभर तेवढंच ऐकू यायचं. अपवाद सायमीचा. ती पूर्वेकडची, करेलियाची. तिकडची माणसं बसथांब्याशीसुद्धा गप्पा मारतात.

दुपारी तिनं बहिणीला फोन लावला. तोंडावर हात धरून, स्वतःच्या मते कुजबुजत.

“अगं हिल्क्का, कान बघायला हवेस त्याचे! लाजला की दालचिनीच्या पावासारखे फुगतात… अंगठी? नाही गं, ते आधीच पाहून घेतलं!”

दालचिनीच्या त्या पावाला आमच्याकडे ‘कानफटात’ असंच नाव आहे. सायमीला ती थोड्याच वेळात बसली.

ओत्सो समोर येऊन उभा राहिला. कान खरंच फुगले होते.

“तुमचं बोलणं… कळतंय.”

“कुठपर्यंत?”

“कॉफीच्या यंत्रापर्यंत.”

यंत्र दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं.

“सगळं?”

“अंगठीचंसुद्धा.”

सायमीनं वळून पाहिलं. सगळं दालन गालिच्याकडे बघत होतं. म्हणजे दातांच्या डॉक्टरांशी झालेलं भांडण… प्रियकर यौनी सोडून गेला तेव्हाचं रडणं… सगळं यांनी ऐकलं होतं! ‘जरा हळू बोल’ असं तोंडावर सांगणं बरं दिसत नाही. म्हणून या सज्जनांनी ध्वनितज्ज्ञ बोलावला होता आणि अख्ख्या छतातून, बोलणं झाकून टाकणारी, वाऱ्यासारखी मंद सूं-सूं सोडायचं ठरवलं होतं. एका बाईपायी!

तिच्या अंगाची लाही लाही झाली. संध्याकाळी तिनं गावाकडच्या शाखेत बदली मागितली आणि बोलणं बंद केलं. शेजारच्या टेबलावरची कात्रीसुद्धा ती ईमेलनं मागू लागली.

पुढच्या आठवड्यात सूं-सूं सुरू झाली, आणि ओत्सो पुन्हा मोजायला आला.

“काहीतरी बोला ना.”

तिनं मान हलवली.

“जाणार आहात असं ऐकलं.”

तिनं पुन्हा मान हलवली. या वेळी खाली-वर.

ओत्सोनं आवाज मोजायचा मापक उचलला. मग सरळ कॉफीच्या यंत्रापाशी गेला, वळला आणि काहीतरी म्हणाला. ओठ हलले, आवाज सूं-सूंत विरला.

सायमी एक टेबल पुढे गेली. काही नाही.

आणखी पुढे. “…शनि…”

“काय?” ती ओरडली, आणि तोंडावर हात ठेवला. माना गालिच्याकडे वळल्या. तिला वाटलं, आता इथूनच दार गाठावं. पण तो परत बोलत होता… तितक्याच हळू. मोठ्यानं बोलणं त्याला जमतच नसावं. ती चालत राहिली. एका टेबलाच्या अंतरावर शब्द उलगडले.

“शनिवारी माझ्याबरोबर कॉफी प्यायला येशील? तुझा आवाज गेला, तर… मी कुणाला मोजू?”

आयुष्यात पहिल्यांदा तिनं श्वास आत ओढत म्हटलं, “हो.”

मापकाचा काटा हलला नाही. ओत्सोचे कान मात्र फुगले.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकली. हिशेबनीस उर्पो उभा होता. दोन वर्षांत तो कुणाशी एक वाक्यही बोलला नव्हता.

“काय म्हणालीस? या वेळी काहीच कळलं नाही. मोठ्यानं सांग की गं!”

सायमीनं त्याच्याकडे पाहिलं. मग सगळ्यांकडे. कुणीही गालिच्याकडे बघत नव्हतं.

“हो म्हटलं मी! आणि बदली रद्द!”

पार टोकाकडून कुणीतरी टाळी वाजवली. एकच. आमच्याकडे तेवढी फार झाली.