एकटीने केलंस?

अॅल्युमिनियम एरवी आपले बाहेरचे तिन्ही इलेक्ट्रॉन देऊन मोकळं होतं. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मला त्यातले दोन त्याच्याजवळ शिल्लक ठेवायचे होते. असं संयुग हवा लागली की संपलंच, म्हणून सगळं काम ग्लोव्हबॉक्समध्ये. पलंगाएवढी काचेची बंद पेटी, आत कोरडा नायट्रोजन, आणि पुढच्या काचेत बसवलेल्या लांब काळ्या रबरी हातमोज्यांच्या दोन जोड्या. डावी जोडी माझी. उजवीपुढच्या खुर्चीवर सहा महिन्यांत कुणी बसलं नव्हतं. आतला दाब जरा जास्त असतो, त्यामुळे रिकामे मोजे बाहेरच्या बाजूला फुगून, कुणी हात पुढे केल्यासारखे ताठ असायचे.

सात वेळा प्रयत्न केला होता, सातही वेळा तळाशी राखाडी गाळ. "रोज मत्स्यालयात हात घालून बसतेस, मासा मात्र एकही नाही," ताई म्हणायची. माझ्या मार्गदर्शक मॅडमना त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. "आठव्यांदा नाही झालं तर शुक्रवारी विषय बदलू," त्यांनी सांगून टाकलं होतं.

आठव्यांदा पोटॅशियम घातलं आणि मिश्रण तीन दिवस ढवळत ठेवलं. गुरुवारी सकाळी दहाला येऊन पाहते तर काय, द्रावण लाल! गढूळ, पण खरंखुरं लाल. मला जागच्या जागी नाचावंसं वाटलं. आता फक्त गाळायचं, छोट्या बाटलीत भरायचं आणि पेटीतल्याच फ्रीझरमध्ये ठेवायचं.

गाळण्याचा कागद घ्यायला वळले, तर तो घडी घालून फनेलमध्ये बसवलेला होता. मीच बसवला असेन. चिमटा शोधत होते, तो माझ्या डाव्या हाताशी. आनंदात माणूस काय करतो त्याचं त्याला कळत नाही, असं म्हणून मी पुढे गेले.

एका हातात फ्लास्क, दुसऱ्यात फनेल. लाल धार सुरू झाली आणि खालची बाटली कलंडायला लागली. सोडू काय आणि धरू काय?

उजवीकडून एक काळा मोजा आला आणि त्याने बाटली धरली.

मी बाहेर पाहिलं. खुर्ची रिकामी. काचेतलं मोज्याचं तोंड उघडं, त्यात नुसता काळोख. आत मात्र पाचही बोटं भरलेली, सांध्यांवर रबर ताणलेलं.

घाबरायला हवं होतं. पण धार चालू होती, आणि सहा महिन्यांची मेहनत त्या बाटलीत पडत होती.

"जरा वर," मी म्हणाले.

बाटली वर आली.

शेवटचा थेंब पडल्यावर त्या हाताने चाचपडत झाकण शोधलं आणि एकट्याच्या बळावर फिरवून लावलं.

उपकरणं सांभाळणारे काका आत आले, तेव्हा तो मोजा पेटीत निपचित पडला होता. "दाब घसरला वाटतं," ते म्हणाले. "मग मोजे आत ओढले जातात." त्यांनी दाबाचा काटा पाहिला, त्यावर टिचकी मारली, पुन्हा पाहिला. "काटा तर जागेवर आहे." आणि ते निघून गेले.

दुपारी चारला फ्रीझरमधून काढलेल्या बाटलीत स्फटिक दिसले. लालभडक, सुईसारखे, उन्हात चमकणारे. मॅडमनी कपाळ काचेला टेकवलं. "अगं पोरी! झालं की गं!" त्या माझ्याकडे वळल्या. "एकटीने केलंस?"

"हो," मी म्हणाले.

आतून काचेवर टक् असा आवाज झाला.

"काय गं ते?"

"बाटली असेल."

शुक्रवारी मी सगळ्यांच्या आधी पोचले. क्ष-किरण तपासणीसाठी एक चांगला स्फटिक निवडायचा होता. झोप कसली लागतेय! प्रयोगशाळेचं कुलूप मीच उघडलं. आतले दिवे लावले, बाह्या वर केल्या, माझ्या जोडीत हात सारले.

उजवा मोजा गार होता.

डावा आतून उबदार.

बोटं टोकापर्यंत जाईनात. तिथे आधीच कुणाची तरी बोटं होती. ती अंग चोरून बाजूला झाली आणि त्यांनी मला जागा करून दिली.