पाववाल्या गाडीतलं घर

तो मला पहिल्यांदा भेटला, तेव्हा मी त्याच्याकडे बारा पाव मागितले होते.

चूक माझी नव्हती. रोज सकाळी साडेसातला पूर्णगडच्या चढावर बेकरीची पिवळी गाडी येते, मी हात दाखवते, गाडी थांबते. त्या दिवशी आषाढ असूनही ऊन आणि पाऊस एकदमच पडत होते. छत्रीच्या कडेतून पिवळा रंग दिसला आणि मी सवयीने हात केला. काच खाली आली. आत नेहमीचे काका नव्हते. ओले केस, हसरे डोळे आणि गालावर रंगाचा एक ठिपका... असा कोणीतरी होता.

"बारा पाव," मी म्हटलं.

"पाव नाहीत. मी आहे... चालेल?"

"किती दिवसांचे शिळे?"

"तीस वर्षांचा," तो गंभीरपणे म्हणाला आणि मग दोघांनाही हसू आवरेना.

बेकरीने काढून टाकलेली ती जुनी गाडी त्याने स्वस्तात घेतली होती. सावर्ड्याहून इथवर येईपर्यंत त्याला पाव मागणारी मी नववी होते म्हणे. "हिचं घर करणार आहे," तो म्हणाला. "झोपायला, स्वयंपाकाला, हिंडायला. नारळी पौर्णिमेला होड्या दर्यात जातील, त्या दिवशी मीही निघणार. किनाऱ्याकिनाऱ्याने थेट कन्याकुमारी! तोवर इथे मावशीच्या अंगणात काम. बरं, काशीराम गादीवाल्यांचं दुकान कुठे आलं?"

आता याला काय म्हणावं? रिक्षाच्या सीटा आणि होड्यांच्या केबिनमधल्या गाद्या शिवणारे काशीराम म्हणजे माझे बाबा. आणि दुकानातली मशीन चालवते मी, शमिका.

त्याचं नाव शुभंकर. चार वाजेपर्यंत लॅपटॉपवर कंपनीचं काम, चारनंतर गाडीचं. पत्र्याला आतून थर्माकोल लावलं, त्यावर मावशीच्या जुन्या कपाटाचं प्लाय ठोकलं. पलंग आंब्याच्या रिकाम्या पेट्यांचा. बेसिन म्हणून स्टीलचं घमेलं. ऊन पडलं की गाडी तापायची आणि आत खारी-बिस्किटांचा खमंग वास दरवळायचा. त्या वासाने मला वेडं व्हायला व्हायचं.

"गादी अडीच फूट रुंद," तो पहिल्या दिवशी म्हणाला.

"कूस बदललीत की खाली पडाल."

"मी फार हलत नाही हो झोपेत."

आठ दिवसांनी तो परत आला. दारातच घुटमळला. "गादी... साडेतीन फूट करता येईल?"

"का? हलायला लागलात वाटतं?"

"झोपच लागत नाही हल्ली," तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. मी टेप उलगडून साडेतीन फूट तीनदा मोजले.

मग त्या शहाण्याने भर श्रावणात पंख्यासाठी टपाला भोक पाडलं! सर आली तेव्हा मी आत पडद्याचं माप घेत होते. दोघांनी ताडपत्रीचा तुकडा डोक्यावर धरला आणि हात वर करून समोरासमोर उभे राहिलो. पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं.

"हात दुखले?" त्याने विचारलं.

"नाही."

"खोटं बोलतेस."

त्याने पहिल्यांदाच मला अगं-तुगं केलं होतं. हात खरंच दुखत होते, पण पाऊस थांबू नये असं वाटत होतं.

गादी झाली. भोकावर होडीच्या ताडपत्रीची टोपी बसली. राहिले फक्त पडदे. सकाळी घातलेली शिवण मी दुपारी उसवायची.

"गो शमे," बाबा एकदा चष्म्यावरून बघत म्हणाले, "पडदा शिवतंस का जहाजाचं शीड?"

काय सांगणार? पडदे झाले की तो जाणार होता. मला तो जायला नको होता. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते, पण हे एवढं सांगायला ती काही उचलेना. पौर्णिमा मात्र माझ्यासाठी थांबली नाही.

आमच्याकडे नवं काही गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. गावातल्या मोठ्याने देवाला साकडं घालायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लहानपणापासून इतकी सवय, की वाक्य काय होतं ते कोणी ऐकतच नाही. नारळी पौर्णिमेला खाडीवर होड्यांची गाऱ्हाणी झाली आणि गावातले सगळ्यांत मोठे रावजीआजोबा शुभंकरच्या गाडीपुढे आले. त्यांना आता फक्त सावल्या दिसतात. मी गाडीच्या दारात शेवटचा पडदा अडकवत होते, दुसरं टोक शुभंकरने धरलं होतं.

"हे देवा म्हाराजा," आजोबांनी नारळ उंच धरला, "आज नवी गाडी वाटेला लागताय. काय इडापिडा असंल ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या जोडप्याला सुखानं ने, सुखानं घरी आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाबाही ओरडले, आणि मग त्यांचं तोंड उघडंच राहिलं. सगळ्यांत मोठा आवाज शुभंकरचा होता. त्याने मात्र वाक्य नीट ऐकलं होतं.

"आजोबा," मी कशीबशी बोलले, "तो... एकटाच जातोय."

"एकटा? मग ही कोण बाजूला? काशीरामाची शमी?" आजोबा गडबडले. "आता गो काय करू? देवाला सांगितलेलं मागं घेता येत नाय!"

"मागं घेऊ नका," शुभंकर म्हणाला. पडद्याचं टोक त्याच्या मुठीत चुरगळलं होतं. "मी महिनाभर रोज विचारायचं ठरवतो, आणि गादीचं माप बदलून परत येतो. शमिका, मला तू आवडतेस. फार आवडतेस. मला एकट्याने जायचं नाही गं. तू म्हणशील तोवर गाडी इथेच राहील."

कोणी खाकरलं. कोणी हसलं. बाबांनी टोपी काढली, परत घातली. "तुळशीचं लग्न झाल्याबिगर गाडी हलायची नाय," ते म्हणाले. "आदी मांडव, मग कन्याकुमारी. पण माजी पोर काय म्हणताय ता ऐकूया."

"मघाशी एक आवाज कमी पडला," रावजीआजोबा म्हणाले. "डोळे गेलेत माझे, कान नाय. परत घालतो गाऱ्हाणं. ह्या खेपेला बाकीच्यांनी गप ऱ्हायचं."

त्यांनी पुन्हा नारळ उचलला. तेच शब्द, तोच चढा सूर. ह्या जोडप्याला सुखानं ने, सुखानं घरी आण. शुभंकर माझ्याकडे बघत होता.

"व्हय म्हाराजा!" मी म्हटलं, आणि इतक्या मोठ्याने म्हटलं, की खाडीत निघालेल्या होड्यांवरच्या माणसांनीही वळून पाहिलं.