सोललेलं संत्रं

सहलीची बस जपानातल्या यामागाताच्या डोंगरात शिरली, तेव्हा त्सुयाको संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"अहो, एक सोलून द्या ना."

"हात मोडलेत का तुझे?" खिडकीबाहेरची नजर न काढता म्हातारा एइकिची म्हणाला.

सारा जन्म त्याच्यासोबत गेला, पण हे असंच. ही सहलसुद्धा त्यानेच हट्टाने निवडली होती. का, ते तिला ठाऊक होतं. मित्सुए इथलीच. त्याचं लग्न आधी तिच्याशीच ठरलं होतं, आणि लग्नाआधीच ती तापाने गेली. मेलेल्या पोरीचा हेवा करावा तरी किती? पण त्सुयाकोचा काही सरला नाही.

"मंडळी, झटपट!" बस देवळापाशी थांबताच सहल नेणाऱ्या मोरिकावाबाईंनी झेंडी हलवली. "पाया पडा आणि परत या! तळ्याकाठी जेवण निवतंय!"

"देवाला सांगा, गाऱ्हाणं थोडक्यात ऐक," कुणीतरी म्हणालं. सगळे हसत पायरीशी बूट काढून आत शिरले.

आत अंधार. ओल्या लाकडाचा, उदबत्तीचा वास. भिंतीभर लग्नांची चित्रं. जी पोरं लग्नावाचून गेली, त्यांचे आईबाप इथे त्यांचं लग्न रंगवून टांगतात. एइकिची एका चित्रापुढे थांबला, डोळे पुसले आणि बाहेर गेला.

त्सुयाको जवळ गेली. नवरी कोवळी, हसरी. खाली नाव, मित्सुए. शेजारच्या नवऱ्याचा उजवा कान दुमडलेला... एइकिचीचा आहे तसाच.

मागून म्हातारे पुजारी हळूच म्हणाले, "जोडीदाराचा चेहरा मनानेच काढायचा असतो. जित्या माणसाचा घालायचा नाही. पण त्या पोरीच्या आईनं ऐकलं नाही."

"घातला... तर?"

"तर गेलेलं माणूस वाट बघत बसतं, बाई."

पुजारी आत वळले. बाहेर बसचा भोंगा वाजला. लोक भराभरा बाहेर पडले. त्सुयाको एकटीच उरली. तिने अंगठा जिभेवर ओला केला आणि नवरीचं तोंड घासलं. घासतच राहिली. रंग गेला, तिथे नुसता पांढरा डाग उरला.

"आता बघ वाट," ती पुटपुटली.

पायरीशी आली तर तिचे बूट नव्हते. घाईत कुणीतरी घातले असतील. ती तशीच पायमोजांवर ओल्या खडीतून धावली. "थांबा! अहो, मी राहिलेय!"

मोरिकावाबाईंनी दारातूनच माणसं मोजली. "सगळे आले! चला!" त्यांची नजर त्सुयाकोवरून गेली आणि कुठेच अडली नाही. दार मिटलं.

बस वळताना खिडकी अगदी समोरून गेली. एइकिचीशेजारी कुणीतरी बसलं होतं. अंगात त्सुयाकोचाच तपकिरी कोट. हनुवटीवर तिचाच तीळ. आणि एइकिची संत्रं सोलत होता... एकेक शीर काढून, फोड त्या बाईच्या ओठांशी धरत होता.

त्सुयाकोला आधी भीती वाटलीच नाही. आधी जळलं ते काळीज.

बसचा आवाज उतरणीला विरला. मागे देवळात पुजारी दिवा घेऊन चित्रांपुढून चालले होते. एका चित्रापाशी त्यांची पावलं थांबली.

"अरेच्चा... ही नवरी इतकी म्हातारी कधी झाली? आणि हनुवटीवर हा तीळ?"

त्सुयाकोने चाचपून पाहिलं. तिची हनुवटी गुळगुळीत होती. बोटाला ओला रंग लागला.