सुकाणूवरचा ठोकळा

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. घाटकोपरच्या त्याच ऑफिसात मी अजून काम करते. खोटं सांगून मला काय मिळणार?

त्या दिवशी गटारी अमावस्या होती. ऑफिसातले सगळे दुपारीच सटकले.

मी एकटीच उरले.

जहाजाच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. समुद्राचं पाणी आधी जस्त खातं आणि लोखंड वाचतं. ठोकळे कुठे हवेत, ते आम्ही कॉम्प्युटरवर मॉडेल करून ठरवतो. वाचणारा भाग निळा दिसतो, गंजणारा लाल.

आधी हे काम मृणालिनी करायची. त्या दिवसाच्या वर्षभर आधी ती डेंग्यूने गेली. माझ्या शेजारची तिची खुर्ची रिकामीच होती. पण श्यामसुंदर सरांच्या तोंडी अजून तीच. "मृणालिनी असती ना, तर..."

मेलेल्या बाईवर कोणी जळतं का? मी जळत होते. तिच्याशी भांडताही येत नव्हतं.

सुकाणूवर एक जादा ठोकळा लावायची तिला सवय. माझ्या मॉडेलला त्याची गरज नव्हती. सगळं निळं. रिपोर्टवर पहिल्यांदाच माझं एकटीचं नाव जाणार होतं.

चहा घेऊन आले, तर...

सुकाणूवर ठोकळा.

मी डिलीट केला.

शेजारून आवाज आला... टक्.

माऊसचा. तिथे माऊसच नव्हता. तिचा कॉम्प्युटर कधीच उचलून नेला होता.

ठोकळा परत आला.

"मृणालिनी, हे माझं काम आहे गं!" मी ओरडले. आधी रागच आला. भीती नंतर वाटली.

पुन्हा डिलीट केला, रिपोर्ट पाठवला आणि पर्स उचलून पळाले.

दोन वर्षांनी ते जहाज गोदीत आलं. जहाज ढकलणाऱ्या पंख्याच्या पाण्याच्या माऱ्याने सुकाणूवरचा रंग पार उडाला होता. मॉडेलमध्ये मी तो रंग शाबूत धरला होता, म्हणूनच तिथे निळं दिसलं होतं. सुकाणूची चाळण व्हायला हवी होती.

पण फोटोत...

सुकाणू धड होतं. त्यावर एक ठोकळा, झिजून साबणाच्या शेवटच्या तुकड्याएवढा उरलेला.

माझ्या ड्रॉइंगमध्ये तो नाही. मी कितीदा तपासलं.

सर खूश. "अगदी मृणालिनीचं वळण घेतलंस!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तेव्हापासून रोज सकाळी मॉडेल उघडून आधी सुकाणू बघते. ठोकळा येत नाही.

काल पलीकडच्या टेबलावरचा हर्षद वैतागला. "रेवती, माझ्या मॉडेलला हात लावलास का गं? सुकाणूवर हा ठोकळा कोणी टाकला?"

"मी नाही रे."

त्याच्याकडे का? इतकी वर्षं शेजारी मी बसते ना?

माझ्या नव्या जहाजाचा रिपोर्ट उद्या जातोय. सगळं निळं आहे. आज जेवणाच्या सुट्टीत कोणी नव्हतं, तेव्हा रिकाम्या खुर्चीकडे वळून मी हळूच म्हटलं, "मृणालिनी, एकदा बघतेस का गं?"

काहीच नाही...

मग हर्षदच्या टेबलाकडून आवाज आला.

टक्.