सुरमईच्या सहा तुकड्या

नऊ दिवस लोकांना समुद्र दाखवून रामनाथचे डोळे विटले होते. कल्याणच्या एका कुटुंबाने त्याची गाडी भाड्याने घेतली, हरिहरेश्वर, दिवेआगर, मुरूड अशी किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवली आणि फणसाडच्या अभयारण्यात बिबट्या दिसला नाही म्हणून त्यालाच बोल लावला. आज दुपारी एकदाची ती मंडळी घरी उतरली. रामनाथ माळशेज घाटाने आपल्या गावी, बोरीकडे निघाला.

शेजारच्या सीटवर स्टीलचा डबा होता. त्यात मुरूडच्या खानावळीत तळून घेतलेल्या सुरमईच्या सहा तुकड्या. बायको वैजयंती तापातून उठली, पण दोन महिने नुसतं ताट चिवडत होती. हाताची हाडं दिसायला लागली होती तिच्या. तो निघताना तीच म्हणाली, "आवो, सुरमई आणाल का? ती खाईन, वाटतं." तेवढ्या बोलण्यावर त्याने नऊ दिवस रेटले होते.

घाटमाथ्यावर आईचा, सखूबाईंचा, फोन आला. "वशाट आणतुयास ना? मंग घाटाच्या शिवंवर एक तुकडी टाक बाबा. तसंच घिऊन येऊ नगं, वासावर कायबाय मागं येतं."

"टाकतो," तो म्हणाला. टाकली मात्र नाही. थांबा, उतरा, डबा उघडा... अंगात त्राणच नव्हतं. आणि सहातली एक का म्हणून द्यायची?

पिंपळगाव जोग्याच्या धरणाचं पाणी दिसू लागलं, तशी गाडी पिं पिं करू लागली. शेजारच्या सीटचा पट्टा लावलेला नव्हता. डब्याच्या वजनाने वाजत असेल, म्हणून त्याने डबा मागे ठेवला. पिं पिं थांबेना. काचा बंद असूनही गाडीत ओल्या चिखलाचा वास भरला. सीट मधोमध दबलेली होती.

"कोण हाय...?"

त्याने रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून अडकवला. आवाज थांबला, आणि त्या थांबण्याचीच त्याला जास्त भीती वाटली. डबा बाहेर भिरकावून द्यावा? पण वैजयंतीचं सुकलेलं तोंड डोळ्यांपुढे आलं. त्याने डावीकडे न बघता गाडी हाणली.

दिवेलागणीला दारात पोहोचला तेव्हा पट्टा सुटलेला होता. सीट पुन्हा सरळ झाली होती. सुटलो बाबा, असं म्हणत त्याने डबा आत नेला.

वैजयंतीने एक तुकडी खाल्ली. मग दुसरी. मग तिसरी. भाकरीला तिने हातही लावला नाही. भिंतीला टेकून बघता बघता रामनाथला रडू कोसळलं. जेवत होती ती! सगळा शीण उतरला त्याचा.

सखूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "रामनाथ... टाकली व्हतीस ना रं?"

तो ताटाकडे बघत होता. सहाही तुकड्या संपल्या होत्या. ताटात एकही काटा नव्हता.

वैजयंतीने बोटं चाटली, मान वर केली आणि त्याच्याकडे बघून हसली.

"पावणं," ती म्हणाली, "अजून हाय का?"